एकोणऐंशी सेकंद

बँकेतल्या यंत्रानं मंदाकिनीबाईंचा अंगठा तिसऱ्यांदा नाकारला, आणि नेमका तेव्हाच पर्समधला मोबाईल थरथरला. नोव्हेंबर महिना होता. आपण जिवंत आहोत हे सांगायला आलेल्या पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत गेली होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, अंगूठा पोंछ के फिर से लगाइए." मंदाकिनीबाईंनी पदराला अंगठा पुसला, पुन्हा टेकवला. यंत्र लाल झालं. एकतीस वर्षं सरकारी फायलींची पानं उलटून अंगठ्याच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या, त्याला कोण काय करणार. मुलगी यंत्राशी झटत होती तेवढ्यात त्यांनी मोबाईल काढून पाहिला. निरंजनचा निरोप होता. 'आंटी, आपका ७९ सेकंड वाला टाइम बिना वीडियो के लिस्ट में नहीं चढ़ पाएगा. नियम सबके लिए एक है. बुरा मत मानिएगा.' त्यांनी तो दोनदा वाचला. बुरा मानू नका असं म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की बुरा वाटणारच आहे. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. इकडे यंत्र म्हणत होतं तुम्ही तुम्ही नाही, तिकडे ऑफिसातल्या मैत्रिणीचा, कुसुमचा, भाचा निरंजन म्हणत होता तुमचे एकोणऐंशी तुमचे नाहीत. "कोई बात नहीं आंटी," मुलगी म्हणाली, "ये फॉर्म ले जाइए, किसी गजेटेड अफसर से साइन-सील करा दीजिए. वो भी चलता है." वो भी चलता है. हे वाक्य त्यांनी फॉर्मसोबत नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

रिक्षात बसल्यावर बूढ़ातालाबचं पाणी डाव्या हाताला चकाकत राहिलं आणि त्यांच्या मनात आकडा घोळत राहिला. एकोणऐंशी. खेळ तसा सगळ्यांच्या ओळखीचा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये यायचाच तो. तीस आडवी, सोळा उभी, अशी चारशे ऐंशी बंद घरं. त्यात नव्व्याण्णव सुरुंग लपलेले. घर उघडलं की आत आकडा दिसतो, शेजारच्या घरांत किती सुरुंग आहेत ते सांगणारा. त्यावरून ताडायचं आणि सुरुंग नसलेली सगळी घरं उघडायची. एक चुकलं की खेळ खलास. वर घड्याळ पळत असतं. लोक वेळ घालवायला खेळत, पण रायपुरात चाळीसेक माणसं अशी निघाली की जी वेळ वाचवायला खेळत. त्यांनी ग्रुप काढला होता, नाव ठेवलं होतं 'सौ के नीचे'. शंभर सेकंदांच्या आत पूर्ण केलं, आणि त्याचं रेकॉर्डिंग दिलं, तर यादीत नाव. निरंजनचं पहिलं होतं, चौपन्न सेकंद. उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये तो हिशेब पाहायचा आणि सुटीच्या दिवशी लोकांचे व्हिडिओ थांबवून थांबवून तपासायचा. कुसुमनं भाच्याच्या तोंडी हे ऐकलं आणि सहा महिन्यांमागे जुन्या मैत्रिणीला फोन केला होता, "अवं मंदा, तुह्या त्या खेळाचे पागल भेटले व मले!"

तो खेळ त्यांना ऑफिसनं शिकवला होता हे आज सांगितलं तर कोणी मानणार नाही. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, भोपाळहून ट्रक भरून फायली आल्या आणि त्यांच्यामागून कॉम्प्युटर आले. खोलीत पडदे लागले, दाराशी चपला काढून ठेवायची पाटी लागली. शिकवणारा पोरगा तीन दिवसांसाठी आला होता. तो म्हणाला, आधी खेळा, म्हणजे माऊसवर हात बसेल. सगळ्यांनी हात बसवून घेतला आणि सोडून दिलं. मंदाकिनीबाईंचा मात्र हात बसला तो बसलाच. आणि गंमत अशी की त्यांच्या माऊसचं उजवं बटण वर्षभरात मेलं. बाकीचे लोक उजवं बटण दाबून सुरुंगाच्या घरावर झेंडी लावत, म्हणजे चुकून पाय पडायला नको. त्यांना झेंडी लावताच येईना. त्यांनी नव्या माऊससाठी मागणीपत्र दिलं. सहा महिन्यांनी स्मरणपत्र दिलं. मग दुसरं स्मरणपत्र, त्यावर 'जुना माऊस जमा करून पावती जोडावी' असा शेरा आला. जुना जमा केला तर काम कशानं करायचं, म्हणून ते तिथंच राहिलं. चार वर्षं. तोवर बाईंनी झेंडीशिवाय खेळायची सवय करून घेतली. सुरुंग कुठं आहेत ते डोक्यात ठेवायचे. कोणती फायल कोणत्या कपाटात कितव्या कप्प्यात आहे हे जसं डोक्यात होतं, तसंच. इथं आहे, इथं आहे, इथं नाही. झेंडी लावणाऱ्याचा हात दोनदा चालतो, यांचा एकदाच चालायचा. त्यांना वाटायचं, आपण लंगडं खेळतो.

आणि मग ती दुपार. दोन हजार सातची, जेवणाच्या सुटीतली. देवीदासबाबू, म्हणजे त्यांच्या शाखेचे मोठे बाबू, डब्यातलं लोणचं कोणी घेतं का विचारत मागे येऊन उभे राहिले होते. मग काही न बोलता उभेच राहिले. त्यांचं गप्प होणं पाहून कुसुम आली. मग धर्मपाल आला. मग आणखी तिघं. मंदाकिनीबाईंना पाठीवर माणसांची ऊब जाणवत होती आणि घरं उघडत चालली होती, एकामागून एक, जसं कोणी आतून कड्या काढून ठेवल्या आहेत. शेवटचं घर उघडलं आणि पडद्यावर घड्याळाशेजारच्या पिवळ्या चेहऱ्यानं काळा चष्मा चढवला, म्हणजे डाव जिंकला. "सेवंटी नाईन!" देवीदासबाबू ओरडले, जसं काही पगारवाढीचं परिपत्रक आलं आहे. कुसुमनं चिंचेच्या हातानंच टाळ्या वाजवल्या. यंत्रानं विचारलं, तुमचं नाव. बाईंनी एकेक अक्षर शोधून नाव टाकलं. नोकरीत त्यांचं नाव हजेरीत होतं, सेवापुस्तकात होतं, चुकलेल्या टिपणाच्या खुलाशात होतं. केलेल्या गोष्टीखाली त्यांचं नाव त्याआधी कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या टिपणांवर सही नेहमी वरच्याची असायची. पुढं ऑफिस नव्या रायपूरला गेलं. जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले, एका ट्रकवर दोरीनं बांधून नेले, आणि त्यातल्या एकात ते नावही गेलं.

घरी नरहरी पेपर वाचत होते. रेल्वेत गार्ड होते ते. निवृत्त झाल्यापासून पेपरातली प्रत्येक बातमी लेट झाल्यासारखी वाचत. बायकोचा चेहरा पाहून म्हणाले, "काय झालं व? बँकेनं मारून टाकलं का तुले?"

"अंगठा नाही लागला. अन् तो निरंजन म्हणते व्हिडिओ पाहिजे."

"मंग दे व्हिडिओ. त्यात काय?"

"दोन हजार सातचा व्हिडिओ कुठून देऊ? भाताच्या गंजातून काढू?"

"आता खेळून दे. येते ना तुले?"

एवढं सरळ होतं ते. त्यांनी घरचा कॉम्प्युटर लावला, निरंजननं सांगितलेलं रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यात चेहरा येत नाही, हात येत नाहीत. फक्त पडदा येतो आणि पडद्यावरचा बाण. तरी कोपऱ्यात तो लाल ठिपका लागला आणि मंदाकिनीबाईंचं बोट जड झालं. सात सेकंदांत सुरुंग. चौदात सुरुंग. एकदा एकशे एकतीसात पूर्ण, ज्याची त्यांना लाज वाटली. आठवडाभर सकाळी स्वयंपाक आटपून त्या बसत, आणि रोज तेच. ठिपका बंद केला की नव्वद, शहाण्णव, एकदा तर सत्त्याऐंशी. ठिपका लावला की हात परका. शेवटी एका सकाळी त्यांनी आपलंच एक रेकॉर्डिंग लावून पाहिलं. त्यांना वाटत होतं आपला बाण सरळ जातो, घर ओळखतो, उघडतो. पडद्यावर जो बाण होता तो एका घराशी जायचा, थांबायचा, मागं फिरायचा, शेजारच्या आकड्यावर टेकायचा, पुन्हा यायचा. पाहुण्याच्या दाराशी उभी राहून पाटी पुन्हा वाचणाऱ्या बाईसारखा. ही मी? एकतीस वर्षं मी अशी होते? मागं उभ्या राहिलेल्या त्या सहा जणांना हे दिसलं होतं का, की एकोणऐंशी सेकंदांत दिसायला वेळच नव्हता? त्या दिवशी त्यांच्या हातून दोनदा भाजीत मीठ पडलं. नरहरींनी मुकाट्यानं खाल्लं आणि पाणी मात्र चार पेले प्यायले.

अशा वेळी माणूस आपल्याला येतं तिकडं वळतो. मंदाकिनीबाईंना कागद येत होता. पर्समधलं वाक्य त्यांनी काढलं, वो भी चलता है, आणि टेबलाशी बसून मजकूर तयार केला. 'प्रमाणित करण्यात येते की श्रीमती मंदाकिनी यांनी सन २००७ मध्ये आमच्या समक्ष सदर खेळ एकोणऐंशी सेकंदांत पूर्ण केला.' खाली सह्यांसाठी सहा रेघा. दोघं जग सोडून गेले होते. त्यांच्या रेघांवर त्यांनी 'दिवंगत' लिहिलं, कारण जागा कोरी सोडली की आक्षेप निघतो. देवीदासबाबूंनी चष्मा न लावताच सही केली आणि विचारलं, "कोन्या पोट्ट्याले शंका आली? पत्ता दे त्याचा." धर्मपालनं आणि आणखी एकानं तारीखही घातली. कुसुमनं सही करताना सांगितलं, "भाचा असला तरी कान पिळतो मी त्याचा, पाहाच तू." राहिला शिक्का. गल्लीच्या टोकाशी सरकारी जनावरांचे डॉक्टर राहत. ते गजेटेड. बँकेच्या फॉर्मवर त्यांनी लगेच सही-शिक्का दिला, मग हा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "भाभीजी, इसमें जानवर कहाँ है?" असं विचारलं, आणि हसत हसत निळा गोल शिक्का मारून दिला. घरी येईपर्यंत बाईंच्या पावलात जोर आला होता. असा कागद त्यांच्या टेबलावर आला असता तर त्यांनी तो एका दिवसात पुढं पाठवला असता.

ग्रुपची बैठक रविवारी सकाळी बूढ़ापारा मोहल्ल्यात, वह्या-पेनांच्या दुकानावरच्या खोलीत भरायची. तीन कॉम्प्युटर, नऊ-दहा माणसं, जिन्याखाली स्कूटरींची दाटी. मंदाकिनीबाई कुसुमला घेऊन गेल्या. निरंजननं कागद वाचायला घेतला आणि त्याचा चेहरा आधी गंभीर झाला, मग त्याला ते जमेना. शेजारच्यानं डोकावून शिक्का वाचला, 'पशु चिकित्सा अधिकारी', आणि खोली फुटली. वाईट हसू नव्हतं ते, पण हसू होतं. बाईंच्या मानेवरून घाम उतरला. त्यांना एकदम दिसलं की ह्या कागदाला इथं काहीच वजन नाही. जो कागद बँकेत माणसाला जिवंत करतो, तो इथं नुसता कागद होता.

"आंटी," निरंजन सावरून म्हणाला, "मौसी की साइन है, मैं झूठ नहीं मानता. लेकिन दो साल पहले एक बंदे की बात पे हमने इकसठ चढ़ा दिया था. फर्जी निकला. तीन अच्छे खिलाड़ी उसी में छोड़ के चले गए. तब से वीडियो."

"अन् व्हिडिओ मागून किती गेले?" कुसुमनं विचारलं.

भिंतीशी बसलेली एक मुलगी बोलली. चेतना तिचं नाव, भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायची, आणि चार महिने दर रविवारी येऊन नुसती बसायची. "भैया, मैं जाने वाली हूँ," ती म्हणाली. मग बाईंकडं पाहून मराठीत म्हणाली, "काकू, माझे अठ्ठ्याण्णव येतात घरी. रेकॉर्डिंग लावलं का एकशे वीस. मंग ह्यांचे व्हिडिओ पाहतो तर वाटते आपण इथं कायले आलो. सगळे असे सरसर सरसर. कोणी चुकतच नाही."

"छूट दे देते हैं," मागून कोणी म्हणालं. "आंटी सीनियर हैं. उन्यासी लिख दो, बाजू में तारा लगा दो. बिना वीडियो." दोघातिघांनी मान डोलावली. निरंजनही डोलावणार असं दिसलं. "सबको मंज़ूर है तो लगा देते हैं, आंटी. चढ़ा दूँ?"

मंदाकिनीबाई त्याच्याकडं पाहत राहिल्या. हव, चढव म्हटलं की झालं होतं. तिसऱ्या नंबरावर नाव. ज्यासाठी सह्या गोळा करत आठवडा फिरल्या तेच कोणी हातावर ठेवत होतं, आणि हात पुढं होत नव्हता. तारा. वयाची सवलत. ऑफिसात सूट मागणाऱ्यांचे अर्ज त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. सूट मिळालेल्या माणसाच्या नावाकडं वाचणारा कसा पाहतो तेही पाहिलं होतं. त्यांचे एकोणऐंशी तसे नव्हते. ते सहा माणसांसमोर उघड्या दुपारी झाले होते, मेलेल्या बटणावर. त्यांना एकदम त्या आकड्याची काळजी वाटेनाशी झाली. मोठ्या झालेल्या पोरीसारखा तो आकडा आपलं आपण पाहून घेईल असं वाटलं. आणि दुसरीच एक गोष्ट डोक्यात सरळ उभी राहिली, घर ओळखू यावं तशी.

"नको," त्या म्हणाल्या. "तारा नको मले. निरंजन, तू चौपन्न केले त्या दिवशी किती वेळा उडाला होता?"

"मतलब?"

"सुरुंगावर. किती वेळा?"

"उस दिन?" त्यानं डोकं खाजवलं. "तीन सौ बार तो गया होगा."

"ते तीनशे कुठं आहेत?"

"वो कौन रखता है, आंटी? डिलीट."

"हे पाहा. व्हिडिओचं मले काही नाही. खोटं बोलनाऱ्याले आवर पाहिजेच, मी शाखा सांभाळली आहे. पण तुम्ही नुसता जिंकलेला माणूस दाखवता. नव्या माणसाले वाटते, इथं कोणी उडतच नाही, आपणच तेवढे उडून राहिलो. म्हणून जाते तो. हे पोट्टी जाते म्हणते ते त्याच्यानं." त्या खुर्ची ओढून कॉम्प्युटरशी बसल्या. "लाव तुझा लाल ठिपका. काही डिलीट करायचं नाही."

ठिपका लागला. बोट जड झालं, नेहमीसारखं. पहिला डाव सहा सेकंदांत उडाला. मागं कोणी श्वास ओढला. दुसरा एकोणीसात. कुसुम पुटपुटली, "अगं माय." तिसरा डाव छान चालला होता, बाण धावत होता; आणि कोपऱ्यात दोन घरं अशी उरली की आकडा काही सांगेना, एकात सुरुंग, एकात नाही, देव जाणे कुठं. बाण तिथं थांबला. तसाच गेला आणि आला. आता मात्र बाईंना कळत होतं की सगळे पाहताहेत, आणि पाहू दे असं वाटत होतं. पाटी पुन्हा वाचणारी बाई चुकीच्या घरात शिरत नाही, एवढंच. जिथं कळण्यासारखं आहे तिथं मी अंदाज मारत नाही. जिथं नाही तिथं मारते. त्यांनी मारला. उडाल्या. खोलीत हळहळ झाली आणि मंदाकिनीबाई हसल्या, मोकळ्या, त्या घाबरून गेलेल्या आठवड्यात एकदाही हसल्या नव्हत्या तशा. चौथाही उडाला. पाचव्यात घरं उघडत गेली. निरंजन मागून एकदम म्हणाला, "अरे, आंटी झंडा ही नहीं लगातीं!" कोणी म्हणालं, "एक भी नहीं?" "एक भी नहीं. सब दिमाग में रख के चल रही हैं. पूरे ग्रुप में कोई ऐसे नहीं खेलता." ते ऐकू येत होतं आणि बोट आता त्यांचं स्वतःचं होतं. शेवटचं घर. पिवळ्या चेहऱ्यानं चष्मा चढवला.

एकशे तीन.

तीन सेकंदांनी चुकलं होतं. निरंजननं दुःखानं तोंड वाकडं केलं, "आंटी, बस तीन सेकंड... एक और?"

"नाही. लिही एकशे तीन."

"लेकिन लिस्ट तो सौ के नीचे..."

"रेघ मार शंभरावर. रेघेच्या खाली लिही. नाव, वेळ, अन् पाची व्हिडिओ, उडालेले चार अन् हा एक. ज्याले वर जायचं तो वर जाईन. पण खाली जागा पाहिजे ना बसाले." मग त्यांनी तो शिक्क्याचा कागद टेबलावरून उचलला. निरंजन म्हणाला, तो राहू द्या, फाइलला लावतो. "नाही," त्या म्हणाल्या, "ते आमचं आहे. तुह्या रेकॉर्डचं नाही." कुसुमनं जिना उतरता उतरता भाच्याचा कान पिळलाच, रीतसर.

घरी नरहरींनी विचारलं, "चढलं का नाव?"

"चढलं. एकशे तीन."

"अन् एकोणऐंशी?"

"ते झालंच होतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि पोळ्यांना कणीक काढली.

बुधवारी दुपारी त्यांनी यादी उघडली. वर सव्वीस नावं, मग रेघ, रेघेखाली त्यांचं. आणि त्यांच्या खाली कोणी नसेल असं धरून त्यांनी बोट सरकवलं, तर नावं होती. एकशे अकरा, एकशे चौदा, एकशे एकोणीस चेतना, एकशे साठ कोणी दुर्गचा माणूस, दोनशे दोन. नऊ नावं. प्रत्येकासोबत उडालेले डाव. निरंजननं स्वतःचे सदतीस टाकले होते. त्यातले सहा तर पहिल्याच सेकंदाचे. बाईंनी ते सगळे पाहिले, चहा निवेपर्यंत. मग निरोप आला, चेतनाचा. 'काकू, तुमचा तिसरा व्हिडिओ मी दहा वेळा पाहिला. कोपऱ्यात तुम्ही थांबल्या, मागं गेल्या, मंग परत आल्या. त्या वक्ती काय पाहून राहिल्या होत्या?'

मंदाकिनीबाई खुर्चीवर ताठ बसल्या. एकतीस वर्षं त्यांनी फायली तपासल्या. कुठं थांबल्या, काय पाहिलं, काय पाहून पुढं गेल्या, हे कोणी एकदाही विचारलं नव्हतं. नरहरींनी आतून हाक दिली, जेवायला वाढतेस का. "तुम्ही वाढून घ्या," त्या म्हणाल्या, "मी कामात आहे." आणि त्यांनी चष्मा पुसून, एकेक अक्षर शोधत, लिहायला घेतलं: 'बेटा, आधी डावीकडचा तीन पाहा.'